गोलाईभोवती जलदूत : पर्यायी ब्रँडच्या ठोकळ्यांतून रेल्वे आणि शहर कसे उभारावे

लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारचौकातून सोळा रस्ते फुटतात. ठोकळ्यांच्या रेल्वेसंचात वळणाचे जे रूळ मिळतात, त्यांचेही नेमके सोळा तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते, कारण प्रत्येक तुकडा साडेबावीस अंशांनी वळतो. हा योगायोग ध्यानात आला त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या शहराचा आराखडा ठरून गेला : मधोमध गोलाई, तिच्याभोवती रूळ आणि रुळांवर 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’. प्रत्यक्षातल्या गोलाईला रुळांचा वेढा नाही, हे एखाद्या लातूरकराने सुनावण्याआधी मीच कबूल करून टाकतो. टेबलावरच्या शहरात एवढी सूट घ्यायला हरकत नसावी.

पर्यायी ब्रँड, म्हणजे लेगो या प्रसिद्ध डॅनिश कंपनीखेरीज इतरांचे ठोकळे, ही निव्वळ नक्कल, असा समज अजून बराच पसरलेला आहे, म्हणून त्याविषयी आधी थोडे सांगतो. वर बटणे, म्हणजे गोल उंचवटे, आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्याचे पेटंट लेगोने 1958 मध्ये नोंदवले होते. त्याची मुदत कधीच संपली. ठोकळ्याचा आकारच आपले व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याचा लेगोचा प्रयत्न युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये फेटाळला. त्यामुळे पोलंडची कोबी, जर्मनीची ब्लूब्रिक्स, चीनच्या काडा, मोल्ड किंग आणि गोब्रिक्स अशा अनेक कंपन्या त्याच मापाचे ठोकळे उघडपणे बनवतात. नाव, बोधचिन्ह आणि छोट्या माणसाची ती विशिष्ट आकृती मात्र आजही संरक्षित आहे, आणि म्हणूनच पर्यायी संचांतील माणसे थोडी वेगळ्या अंगलटीची दिसतात. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, तेव्हा खरेदी करताना खोक्यावर ते चिन्ह आहे का, हे पाहूनच पैसे मोजावेत. खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. परदेशी संकेतस्थळावर दिसणारी किंमत आणि वस्तू घरी येईपर्यंत खिशातून जाणारी रक्कम यांत इतके अंतर का पडते, हे त्यावरून कळावे.

आता मूळ कामाकडे वळू. बहुतेक जण आधी हौसेने स्टेशनाची इमारत उभी करतात, मग इंजिन जुळवतात आणि शेवटी रूळ अंथरतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. वळण आधी ठरवावे, गाडी त्या वळणाला विचारून बांधावी, आणि शहराला गाडीने सोडलेल्या जागेत बसवावे. हे मी पुस्तकी शहाणपण म्हणून सांगत नाही. माझा पहिला डबा 40 बटणे (32 सेंटिमीटर) लांबीचा होता आणि तो सरळ रुळावर मोठा रुबाबदार दिसायचा. वळणावर त्याच्या मागच्या कोपऱ्याने फलाटाची कड धरली आणि फलाट, दिव्याचा खांब आणि चहाची टपरी असे सगळे एकदमच जमिनीवर आले. तीन रविवारांचे काम तीन सेकंदांत आटोपले.

असे का झाले हे समजण्यासाठी काही मापे पाठच असावी लागतात. ठोकळ्यावरील ज्या गोल उंचवट्याला जाणकार ‘स्टड’ आणि घरातली मुले ‘बटण’ म्हणतात, त्या दोन बटणांच्या मध्यांतील अंतर 8 मिलिमीटर असते. पूर्ण ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर आणि पातळ पट्टीची, म्हणजे प्लेटची, उंची 3.2 मिलिमीटर असते. अर्थात तीन पट्ट्यांचा एक ठोकळा होतो. सरळ रुळाचा एक तुकडा 16 बटणे लांब आणि स्लीपरसह, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांसह, 8 बटणे रुंद असतो. नेहमीच्या संचातील वळणाची त्रिज्या रुळांच्या मध्यरेषेपर्यंत 40 बटणे, म्हणजे 320 मिलिमीटर भरते. स्लीपरची रुंदी धरली की वर्तुळाचा बाहेरचा व्यास 88 बटणे होतो. 32 बाय 32 बटणांच्या नऊ तळपाट्या तीन-तीनच्या ओळींत मांडल्या की 96 बटणांचा, म्हणजे जवळपास 77 सेंटिमीटरचा चौरस मिळतो आणि त्यात हे वर्तुळ चारही बाजूंना चार-चार बटणे राखून आरामात बसते. घरातल्या साध्या अभ्यासाच्या टेबलावर मावेल असे हे सर्वांत लहान पूर्ण जग आहे.

लांब डबा वळणावर दोन्हीकडे जागा खातो. त्याचे पोट आतल्या बाजूला झुकते आणि टोके बाहेर फेकली जातात. 40 बटणे लांब, 6 बटणे रुंद आणि खालच्या दोन चाकगाड्यांच्या मध्यांत 24 बटणांचे अंतर असलेला माझा तो डबा घ्या. त्याचा बाहेरचा कोपरा रुळाच्या मध्यापासून सुमारे 46 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा बटणे, पोहोचत होता. फलाट मी पाच बटणांवर बांधला होता. त्याऐवजी डबा 28 बटणांचा आणि चाकगाड्यांतील अंतर 16 बटणांचे ठेवले, तर तोच कोपरा साडेचार बटणांच्या आत राहतो आणि पोटही आतल्या बाजूला एका बटणापेक्षा कमी झुकते. म्हणून या वळणासाठी 28 बटणे ही लांबी मी आता लक्ष्मणरेषा मानतो. (आपल्याकडे सबंध डब्यालाच ‘बोगी’ म्हणण्याची रीत आहे; रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी मी इथे चाकगाडी म्हणत आहे.)

मग प्रमाणाचे काय, हा प्रश्न उरतोच. भारतीय ब्रॉडगेजच्या रुळांतील अंतर 1676 मिलिमीटर आहे आणि खेळण्यातील रुळांतील अंतर सुमारे 37.5 मिलिमीटर, यावरून प्रमाण 1:45 येते. त्या प्रमाणात जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्याची रुंदी 9 बटणे आणि लांबी 59 बटणे होईल, आणि असा डबा आपल्या वळणावर वळणारच नाही. सहा बटणे रुंदी धरली तर प्रमाण 1:67 च्या आसपास येते आणि 21.3 मीटरचा खरा डबा 40 बटणांचा होतो. म्हणजे 28 बटणांचा डबा हा आखूड केलेला डबा असतो, आणि तो आखडताना खिडक्यांची रुंदी कमी न करता त्यांची संख्या कमी करावी. डोळ्याला डबा खिडकीच्या आकारावरून ओळखू येतो, लांबीवरून नव्हे. जाता जाता एक गंमत. लातूरला 1911 मध्ये पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अवघ्या 762 मिलिमीटर अंतराचे होते. आपल्या खेळण्यातल्या रुळावर ती गाडी प्रमाणशीर बांधायची, तर 1:20 चे माप घ्यावे लागेल आणि चिमुकली म्हणून ओळखली जाणारी ती गाडी टेबलावर हत्तीएवढी होईल.

आखूड गाडीचा हा सगळा हिशेब मांडताना जलदूत मदतीला धावून आली. पाण्याची वाघीण, म्हणजे मालगाडीचा टाकीचा डबा, प्रवासी डब्याच्या निम्म्याहून थोडीच लांब असते, त्यामुळे 1:67 च्या प्रमाणात ती 23 बटणांतच पूर्ण होते आणि तिला आखडावेही लागत नाही. एप्रिल 2016 मधील पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले आणि पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. टेबलावरच्या वर्तुळाचा एकूण परीघ 250 बटणांच्या आसपास असल्याने इंजिनामागे चार, फार तर पाच वाघिणी शोभतात. त्याहून जास्त जोडल्या तर गाडी आपलेच शेपूट धरू पाहते.

वाघिणीची टाकी गोल आणि ठोकळे चौकोनी, ही अडचण कशी सुटते ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. पाच पट्ट्यांची उंची 16 मिलिमीटर होते आणि दोन बटणांची रुंदीही 16 मिलिमीटरच असते. ठोकळ्यांच्या विद्येतले हे सर्वांत उपयोगी समीकरण आहे, कारण त्याच्या आधाराने ठोकळे आडवे वळवून लावता येतात. टाकीसाठी चार बटणे रुंद, म्हणजे 32 मिलिमीटरचा, लांबट गाभा घ्यावा आणि त्याची उंची दहा पट्ट्यांची, म्हणजे तीन ठोकळे आणि एक पट्टी, अशी ठेवावी. गाभ्याचा छेद त्यामुळे अचूक चौरस येतो. त्यात कुशीवर बटणे असलेले ठोकळे दोन्ही बाजूंना पेरावेत, आणि तळाला बटणे खाली यावीत म्हणून गाभ्याचा खालचा थर उलट्या दिशेने जोडलेला असावा. मग चारही अंगांवर दोन बाय दोनचे वक्र उताराचे तुकडे, जाड कडा मध्यावर एकमेकींना भिडतील असे, जोडीजोडीने बसवावेत. या तुकड्यांची जाडी दोन पट्ट्यांची असल्याने टाकीचा व्यास 44.8 मिलिमीटर होतो, आणि गाभ्याच्या चौरसाचा कर्ण भरतो 45.3 मिलिमीटर. याचा अर्थ असा, की चौरसाचे चारही कोपरे आपोआप त्या वर्तुळावर येऊन टेकतात आणि टाकी हाताला खरोखर गोल लागते. पहिल्यांदा ही टाकी तळहातावर फिरवून पाहिली तेव्हा मला जो आनंद झाला, तो संचासोबत आलेल्या पुस्तिकेबरहुकूम बांधलेल्या कोणत्याही गाडीने दिलेला नव्हता. माथ्यावर एक गोल झाकण, टोकाला शिडी आणि खाली सहा बटणे रुंदीची पट्टी एवढे केले की वाघीण पुरी झाली.

आता ठोकळ्यांच्या निवडीविषयी सांगतो, कारण पर्यायी ब्रँडमध्ये खरी परीक्षा इथेच होते. दोन कंपन्यांचे ठोकळे एकमेकांवर बसतात, पण सारखेपणाने बसतीलच असे नाही. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. एकाच तळपाटीवर शेजारी शेजारी दोन खांब उभारावेत, एक या कंपनीचा आणि दुसरा त्या कंपनीचा, प्रत्येकी दहा ठोकळ्यांचा. हिशेबाने दोन्हींची उंची 96 मिलिमीटर हवी. मग दोन्ही माथ्यांवर मिळून एकच लांब पट्टी दाबावी. ती दोन्हीकडे टक्कन बसली आणि बोटाखाली हलली नाही, तर ते दोन ब्रँड एकाच भिंतीत वापरता येतात. एका टोकाला नखाएवढी फट राहिली, तर त्यांना वेगळ्या इमारती द्याव्यात. ओढूनताणून केलेला संसार उन्हाळ्यात उकलतो. पकडीसाठी दुसरी कसोटी अशी, की दोन बाय चारच्या एकाच ठोकळ्याला धरून सबंध खांब उचलावा आणि हलके झटकावे. तुकडे गळाले तर पकड ढिली आहे, आणि सुटे करताना दातांची आठवण झाली तर ती फार घट्ट आहे. (दात खरोखर लावू नयेत, ठोकळ्यांवरही खुणा उमटतात.)

रंगाची गोष्ट याहून चिवट आहे. सुटे ठोकळे वजनावर विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी दोन खेपांना एकच राखाडी रंग मागवला आणि दुसरी खेप निळसर झाक घेऊन आली. तक्रारीला उत्तर मिळाले, ‘‘साहेब, राखाडी तो राखाडीच.’’ तेव्हापासून एका वाघिणीला किंवा एका भिंतीला लागणारे सगळे तुकडे मी एकाच खेपेत आणि दहा टक्के जास्तच मागवतो. दोन छटांचा माल गळ्यात पडलाच, तर तो वाया मात्र जात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या भडकल दरवाजासारखी जुनी दगडी वास्तू करायची असेल, तर गडद राखाडीच्या दोन-तीन छटा मुद्दाम विस्कळीत मिसळाव्यात; चारशे वर्षांच्या दगडाला एकरंगी भिंत शोभत नाही. नेमके किती तुकडे लागतील हे आधी कळावे म्हणून ‘स्टुडिओ’ ही ब्रिकलिंक या ठोकळ्यांच्या ऑनलाइन बाजारपेठेची मोफत संगणकप्रणाली किंवा तशीच एलड्रॉ वापरून प्रतिकृती पडद्यावर बांधून घ्यावी आणि तुकड्यांची यादी काढावी. पर्यायी कंपन्यांचे क्रमांक वेगळे असतात, उदाहरणार्थ गोब्रिक्सचे ‘जीडीएस’ या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी तुकड्याचे चित्र क्रमांकाशी ताडून पाहावे.

इंजिनाबाबत थोडक्यात. आपल्या डिझेल इंजिनांच्या चाकगाडीत बहुधा तीन आस असतात, पण 40 बटणांच्या वळणावर तीन आसांची गाडी आखडते. खेळण्यातील मोटार दोन आसांची असते. तिच्यावरच भार ठेवावा आणि तिसरे चाक रुळाला न टेकता नुसते शोभेसाठी टांगावे. सहा सेलची पेटी 9 व्होल्ट देते, तर पुन्हा चार्ज होणारे सहा सेल 7.2 व्होल्ट देतात. गाडी थोडी मंद चालते, पण वर्तुळ लहान असल्याने ते बरेच. पेटी मोटारीच्या चाकांवरच ठेवावी, म्हणजे वजनामुळे चाके घसरत नाहीत. वाघिणी हलक्या चालतात की जड, हे पाहण्यासाठी सरळ रुळाच्या एका टोकाखाली काडेपेटी आडवी सरकवावी आणि वाघीण सोडून द्यावी. न ढकलता जी घरंगळत येत नाही, तिचा आस तपासावा. बहुतेक वेळा साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा बारीक कोंब चाकाला घासत असतो आणि तो नेलकटरने निघतो. जोडणीचे चुंबक एकमेकांना दूर लोटत असतील, तर वाघीण फिरवून लावावी. काही संचांत चुंबक स्वतः फिरते नसते.

वळण आणि गाडी पक्की झाली की शहराची जागा आपोआप नजरेस येते. रुळाच्या आतल्या कडेपासून मोजले तर वर्तुळात 72 बटणांचे मैदान उरते. डब्याचे पोट झुकेल म्हणून दोन्हीकडून एकेक बटण सोडले की 70. गोलाईसाठी आठ-आठ बटणांच्या सोळा भिंती करून त्या बिजागरीच्या ठोकळ्यांनी एकमेकींना जोडाव्यात आणि माळ वळवून बंद करावी. त्यातून सुमारे 40 बटणे व्यासाचा सोळा बाजूंचा वाडा तयार होतो. बिजागरीच्या जाडीमुळे एखादे बटण पुढेमागे होते. या सोळा भिंतींपैकी चारच तळपाटीच्या रेघांशी समांतर येतात, बाकीच्या तिरप्या राहतात आणि बटणांवर बसत नाहीत. म्हणून वाड्याच्या जागी आधी बटणे नसलेली गुळगुळीत टाइल अंथरावी, एकच भिंत तळाशी घट्ट बसवावी आणि उरलेल्या पंधरा टाइलवर नुसत्या टेकू द्याव्यात. सगळ्याच दाबून बसवण्याच्या हट्टापायी माझ्या दोन बिजागऱ्या मोडल्या. प्रत्येक भिंतीसमोरून एक रस्ता रुळाकडे जातो. रुळांना सोळा सांधे आणि रस्तेही सोळा, त्यामुळे दोन तुकड्यांचा प्रत्येक सांधा एकेका रस्त्याच्या तोंडाशी आणता येतो आणि तिथे चार पट्ट्यांचे फाटक बसते. सोळा फाटके अर्थातच करू नयेत; दोन पुरेत, बाकीचे रस्ते रुळाच्या अलीकडेच भाजीच्या गाड्यांनी बंद करावेत. मधल्या जगदंबेच्या देवळासाठी पांढऱ्या आणि केशरी रंगांचे थोडे चांगल्या प्रतीचे तुकडे राखून ठेवावेत, कारण सबंध मांडणीत नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

फलाट वर्तुळाबाहेर करायचा असेल, तर तो रुळाच्या मध्यापासून पाच बटणांच्या अलीकडे येऊ देऊ नये. आपल्या उंच फलाटाची पातळी रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर असते. 1:67 ने ती 11 ते साडेबारा मिलिमीटर येते, म्हणजे रुळाच्या माथ्यावर एक ठोकळा आणि एक पट्टी. नऊ तळपाट्यांच्या चौरसात फलाटाला फक्त चार कोपरेच मिळतात, म्हणून त्याला दहावी तळपाटी जोडावी किंवा तो कोपऱ्यात त्रिकोणी करावा.

मांडणी कुठे ठेवायची, हाही मराठवाड्यात बारीकसारीक प्रश्न नाही. ठोकळ्यांचे एबीएस प्लॅस्टिक आपल्या उन्हाळ्यात वितळत नाही, पण पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेले पांढरे तुकडे पिवळे पडतात आणि भाराखाली असलेली लांब पट्टी वाकते. उत्तरेकडच्या भिंतीला टेबल लावावे आणि रात्री त्यावर जुने धोतर पसरावे. वर्षातून एकदा तुकडे धुवायचे तर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून कोमट पाण्यात घालावेत, 40 अंशांच्या वर पाणी तापवू नये, आणि शेवटचे पाणी बोअरचे नसावे. क्षारांचा पांढरा थर काळ्या रुळांवर असा बसतो, की तो पुसण्यात दुपार जाते. माझ्या घरी शेवटच्या खळबळण्यासाठी फिल्टरचे दोन तांबे पाणी मागितले, तेव्हा आईने आधी माझ्याकडे आणि मग रुळांवर उभ्या असलेल्या चार वाघिणींकडे पाहिले आणि एकच तांब्या दिला.